घर बघायला गेले, तेही सातासमुद्रापार

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात इचलकरंजीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं. लिहितात, 'मुलीनं परदेशात लग्न ठरवलंय. मुलगा फोटोत बरा दिसतो, फोनवर गोड बोलतो. पण घर कसं आहे ते कोण सांगणार? पूर्वी मामा नाही तर काका जाऊन घर बघून यायचे. आता तिकडे कोण जाणार, आणि गेलं तरी काय विचारायचं?'

पत्र वाचलं आणि मला हसूच आलं. कारण अशाच एका कामगिरीवरून मी नुकतीच परत आलेय. तेव्हा आजचं हे पान त्या भगिनीला उत्तर म्हणून.

त्याचं असं झालं. सुनेच्या बाळंतपणासाठी मी टोरांटोला लेकाकडे होते. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगीही तिथेच शिकायला. पोरगी हुशार, शेतीचं शिक्षण घेतलेली. तिनं एक दिवस ताईला कोल्हापूरला फोन केला नि सांगितलं, 'आई, मी लग्न ठरवलंय. मुलगा हिंदू आहे, बरोबर शिकायला होता, पण इंडियाचा नाही. त्रिनिदादचा आहे. परत जाऊन घरची शेती करतोय.'

ताईला आधी वाटलं, त्रिनिदाद म्हणजे आफ्रिकेत. मग आमच्या भावजींनी सांगितलं, अगं, वेस्ट इंडीज! गावसकर! तेव्हा कुठे तिला उलगडा झाला, पण जीव काही भांड्यात पडला नाही. दुसऱ्या दिवशी मला फोन. 'तू तिकडे आहेसच, तर जरा जाऊन घर बघून ये.'

जरा जाऊन ये! टोरांटोहून विमानानं साडेपाच तास. पण थोरल्या बहिणीचा शब्द. बारसं उरकलं, सून हिंडूफिरू लागली, आणि फेब्रुवारीत मी निघाले. पर्समधे ताईनं सांगितलेली यादी होती. कुळ कुठलं, गोत्र काय, घरात माणसं किती, सासूचा स्वभाव कसा, खाणंपिणं काय, आणि सगळ्यांत शेवटी, 'मोरी घरात आहे की बाहेर?'

विमानतळावर मुलाच्या आई स्वतः गाडी चालवत मला न्यायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, सावळ्या, अंगात साधा झगा, कपाळाला टिकली नाही, पण हातात दोन सोन्याच्या बांगड्या. मला बघितल्याबरोबर दोन्ही हात जोडून म्हणाल्या, 'सीताराम, दीदी.' मी आपलं 'नमस्कार' म्हटलं. तिथल्या जुन्या माणसांत 'सीताराम' हाच नमस्कार.

त्रिनिदाद बेट आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही थोडं लहानच. पलीकडे व्हेनेझुएला इतकं जवळ, की आभाळ स्वच्छ असलं तर किनारा दिसतो. देशाची वस्ती चौदा लाखांच्या आसपास, आणि त्यातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं मूळची हिंदुस्थानातली. हे सगळं पाठ्यपुस्तकातलं झालं. पण दक्षिणेकडे सान फर्नांडो मागे टाकून गाडी डेबे, पेनाल या बाजूला वळली, तेव्हा मी खिडकीतून बघतच राहिले. रस्त्याच्या कडेला घरं, आणि घराघरांपुढे उंच बांबूंवर रंगीत निशाणं. त्यांना ते झेंडी म्हणतात. घरात पूजा झाली की एक झेंडी रोवायची. लाल असली तर हनुमानाची. कुठल्या घरात काय पूजा झाली ते दारावरून जाणाऱ्याला कळतं. गावांची नावं तरी कशी! पेनालच्या शेजारी बॅरकपूर, पलीकडे फैझाबाद. ज्यांनी सोडली ती गावं त्यांनी जाताना नावासकट नेली म्हणायची.

डेबेला रस्त्याकडेला टपऱ्यांची रांगच आहे. विहीणबाईंनी (होऊ घातलेल्या म्हणू या) गाडी थांबवली. 'दीदी, भूक लागली असेल, काहीतरी खा.' मी काचेच्या कपाटात डोकावले तर काय! अळूवडी! अहो, खरोखरची अळूवडी, गुंडाळी कापून तळलेली. तिथे तिला साहिना म्हणतात. शेजारी वांग्याची भजी, तिचं नाव बैगनी. फुलोरी म्हणजे गोल भजी. आणि हळद घातलेल्या मऊ वड्यांत छोले भरून कागदात गुंडाळलेलं जे मिळतं, ते डबल्स. साऱ्या देशाची न्याहारी ती, मग माणूस कुठल्याही वंशाचा असो. मी साहिना तोंडात टाकली. पीठ बेसनाचं नव्हतं, चिंचगूळही नव्हता, पण घास ओळखीचा होता. सकाळपासून पोटात गोळा आलेला, तो जरा सैल झाला.

पेनाल हे खेडंही नव्हे नि शहरही नव्हे. आपल्याकडचं एखादं बाजाराचं गाव असतं ना, तसं. मुख्य रस्ता एक, त्यावर दुकानं, बँक, देऊळ, मशीद, चर्च, आणि दारूचं दुकान. मागे सखल जमीन. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, म्हणून पूर्वीपासून भात. कोरड्या दिवसांत, म्हणजे साधारण जानेवारी ते मे, कलिंगडं, टोमॅटो, वांगी, चवळीच्या शेंगा, भोपळा. चवळीच्या लांब शेंगांना ते बोडी म्हणतात, दोडक्याला झिंगी, कारल्याला करैली.

घर खांबांवर उभं. राहायच्या खोल्या वर, आणि खाली मोकळी जागा. त्या खालच्या जागेला 'बॉटम हाउस' म्हणतात. पूर आला तर घर कोरडं राहावं हा एक फायदा, पण खरा संसार चालतो तो त्या खालच्या ओट्यावर. झोळीसारखा झुला, मोठं टेबल, एका कोपऱ्यात मातीची चूल, तिला चुल्हाच म्हणतात. वर गॅस आहे, सगळं आहे, पण वांगं भाजायचं ते चुलीवरच. लग्नं, पूजा, पाहुणे, सगळं तिथेच. आपल्या जुन्या वाड्यांची पडवी आठवली मला. ताईसाठी सांगते, मोरी घरात आहे, फरशी आहे, नळाला पाणी आहे. शिवाय पावसाचं पाणी साठवायला मोठ्या काळ्या टाक्या आहेत.

त्या खालच्या ओट्यावर घरातली सर्वांत वडील बाई बसली होती. वय चौऱ्याऐंशी, डोक्यावर पातळ ओढणी, पुढ्यात ओल्या तुरीच्या शेंगांची रास. नातू म्हणाला, 'ही माझी आजी.'

मी चमकलेच! म्हटलं, मराठी शब्द याला कुणी शिकवला? तर नाही, तिथे बापाच्या आईला आजीच म्हणतात, आजोबांना आजा. भोजपुरी शब्द आहे. आणि मला तो मुलगा पहिल्या दिवसापासून मौसी म्हणायला लागला. मुलीच्या आईची बहीण ती मौसी, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

मीही बसले शेंगा सोलायला. मैत्रिणींनो, बायकांना बोलतं करायचं तर हातात काम हवं. समोरासमोर खुर्चीत बसून कुणी खरं बोलत नाही. आजींची भाषा म्हणजे तिथली इंग्रजी, मधेमधे जुने शब्द. फोडणी देण्याला छौंक, मीठ-मसाला, दुलहिन, भौजी. हिंदी सिनेमाची गाणी त्यांना पाठ, पण अर्थ अर्धाच कळतो. माझं बंबइया हिंदी आणि मोडकंतोडकं इंग्रजी मिळून आमचं छान जमलं.

पहिला प्रश्न त्यांनीच विचारला. 'तू गावसकरच्या गावची?'

म्हटलं, 'गावसकर मुंबईचे, मी साताऱ्याची. पण आमचेच म्हणायचे.' त्यांचे यजमान १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनला सामना बघायला गेले होते म्हणे. त्याच मैदानावर आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं, आणि गावसकरांनी त्या एका दौऱ्यात चार कसोट्यांत ७७४ धावा केल्या. पुढे लॉर्ड रिलेटर नावाच्या तिथल्या गायकानं त्यांच्यावर गाणंही रचलं. 'आमचे हे कुणाकडून होते ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही,' असं म्हणून आजी मनापासून हसल्या.

म्हटलं, आता विचारावं. मी जरा चाचरतच म्हटलं, 'आजी, माझ्या बहिणीनं विचारलंय, आपलं कुळ कुठलं? मूळ गाव कुठलं?'

शेंगा सोलणारे त्यांचे हात थांबले. सुनेला त्यांनी काहीतरी सांगितलं. ती वर गेली आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद घेऊन आली. तिथल्या सरकारी दफ्तरातून काढलेली नक्कल. आजींच्या आजीचा, कलकत्त्याहून जहाजावर चढतानाचा परवाना.

थोडं मागचं सांगते. त्रिनिदादमधली गुलामी १८३० च्या दशकात संपली. मग उसाच्या मळ्यांना मजूर हवे म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानातून माणसं न्यायला सुरुवात केली. पहिलं जहाज 'फतेल रझाक' ३० मे १८४५ ला पोचलं. तो दिवस तिथे आज सार्वजनिक सुट्टीचा आहे. १९१७ पर्यंत हे चाललं, आणि सुमारे १ लाख ४३ हजार माणसं गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, काही मद्रासकडची. करार पाच वर्षांचा. तो मोडला तर तुरुंग. मळे पुरुषांनीच भरू नयेत म्हणून पुढे नियम झाला, शंभर पुरुषांमागे चाळीस बायका हव्यातच. एवढ्या बायका आणायच्या कुठून? नवऱ्याबरोबर निघालेल्या काही होत्याच. पण कितीतरी एकट्या निघाल्या. विधवा, टाकलेल्या, दुष्काळात घर तुटलेल्या, छळाला कंटाळून बाहेर पडलेल्या.

परवान्यावर रकाने असत. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण. आणि एक रकाना, लग्न झालं असल्यास कुणाशी. आजींच्या आजीचं वय वीस. जिल्हा बस्ती. खूण, उजव्या पायावर व्रण. आणि तो लग्नाचा रकाना कोरा. खाली मात्र लिहिलं होतं, बरोबर एक मूल, वय दीड वर्ष.

'ती का निघाली?' मी विचारलं.

'ते तिनं कधी सांगितलं नाही,' आजी म्हणाल्या. 'आणि आम्ही विचारलं नाही. मी सात वर्षांची असताना ती गेली. तिच्या पायावरची खूण मला आठवते. हे तुझं कुळ, बघ.'

पुढे त्या म्हणाल्या ते मला अजून ऐकू येतं. 'माझ्या जन्माच्या दाखल्यावर माझ्या बापाचं नाव नाही. आईबापांचं लग्न झालेलं होतं. बांबूच्या मांडवात, पंडितासमोर, चारचौघांत. पण सरकार ते लग्न मानत नव्हतं. हिंदू लग्नाचा कायदा इथे १९४५ साली झाला. त्याआधीची आम्ही पोरं कागदावर बेवारशी. आता तुझ्या बहिणीला काय सांगशील?'

मी काहीच बोलले नाही. मला आमच्या घरातली आत्याआजी आठवली. माझ्या वडिलांची आत्या. बाराव्या वर्षी विधवा झालेली. मी लहान असताना ती म्हातारी होती, लाल आलवणात, मागच्या खोलीत. सगळ्यांची सोवळ्याची कामं तिच्याकडे, आणि हळदीकुंकवाला तिनं दारात यायचं नाही. उभा जन्म तिनं त्या खोलीत काढला, आणि आम्ही घरातल्या बायका अभिमानानं म्हणायचो, आमचं घराणं मोठं! ही बस्तीची वीस वर्षांची मुलगी, कडेवर पोर घेऊन, काळं पाणी ओलांडून गेली. कित्येक आठवडे समुद्र, मग नेल्सन बेटावर उतरवून तपासणी, मग उसाचा मळा. तिनं पाच वर्षं ऊस तोडला, संसार केला, गाय घेतली, पोरं वाढवली. यादीतला 'कुळ' हा शब्द मी तिथेच, शेंगा सोलता सोलता, मनातल्या मनात खोडून टाकला.

पण म्हणून मी बाकीचं विचारायचं सोडलं नाही हं! मन भरून आलं की डोळे मिटायचे नसतात, विशेषतः लेकीबाळींच्या बाबतीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंबरोबर शेतावर गेले. टोमॅटोच्या ओळीतून चालता चालता सरळच विचारलं, 'ताई, राग मानू नका. घरात पिणं आहे का?'

त्या थांबल्या. म्हणाल्या, 'आहे असं खोटं नाही बोलत, आणि नाही असंही नाही. मुलाचे वडील सरकारी साखर कंपनीत ट्रॅक्टर चालवायचे. २००३ साली ती बंद झाली. हजारो माणसं एका वेळी घरी बसली. एकरकमी पैसे आले आणि रमच्या दुकानात गेले. दोन वर्षं वाईट होती, दीदी. तेव्हा मी भाजी पिकवून डेबेच्या घाऊक बाजारात पहाटे नेऊन विकली. त्यावर मुलगा शिकला. आता ते फक्त शनिवारी घेतात, आणि मुलगा घेत नाही. तो ते दिवस विसरलेला नाही.'

मग त्याच मला म्हणाल्या, 'आता मी विचारू? तुमची मुलगी चिखलात उतरेल का? जूनपासून पाऊस लागतो. २०१७ साली ब्रेट वादळ आलं, तेव्हा आमच्या या भागात पाणीच पाणी झालं. आमच्या बागेत कमरेएवढं होतं. एका रात्रीत सगळं पीक गेलं. अशा वेळी ती रडून माहेरी गेली तर? माहेरही जवळ नाही. आणि दुसरं. तुमची बहीण माझ्याशी एकदाही फोनवर बोललेली नाही. इंडियातली माणसं आम्हाला कुली समजतात, असं माझी सासू म्हणते. खरं का?'

मैत्रिणींनो, मी घर बघायला गेले होते, पण त्याही आमचं घर बघत होत्या की! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुलीकडच्यांनी मान खाली घालायची ही जुनी रीत वाईट खरी. पण परदेशातलं स्थळ 'हलकं' ठरवून आपणच वरच्या पायरीवर चढून बसायचं, ही नवी रीत तरी कुठे चांगली? मी म्हटलं, 'ताईला भीती वाटतेय. भीती वाटली की माणूस गप्प बसतं. मी तिला सांगते.'

तीन दिवस राहिले. जवळच सिपारिया गावाला गेलो. तिथल्या चर्चमधे मेरीची एक सावळी मूर्ती आहे. कॅथलिक लोक तिला ला दिविना पास्तोरा म्हणतात, आणि आपली हिंदू माणसं म्हणतात सिपारी माई! ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी-शुक्रवारी हिंदू बायका तिच्यापुढे तांदूळ, तेल, दागिना वाहतात, पोरांचं जावळ काढतात. वांद्र्याच्या मोतमाउलीला आपण नवस बोलतोच की, मला काही नवल वाटलं नाही. याच सिपारियाच्या कमला प्रसाद-बिसेसर २०१० साली देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, आणि २०२५ मधे पुन्हा निवडून आल्या. आजींनी हे सांगितलं तेव्हा स्वतःचीच नात असल्यासारख्या ताठ बसल्या होत्या.

लग्नाच्या रीतीही विचारून घेतल्या. शुक्रवारी रात्री मटकोर, म्हणजे फक्त बायकांचा कार्यक्रम. माती उकरून आणायची, ढोलकीवर गाणी, आणि ती गाणी पुरुषांच्या कानावर जाऊ नयेत अशी! शनिवारी हळद आणि रात्रभर स्वयंपाक. सारी आळी येऊन भाज्या चिरते. रविवारी लग्न, आणि मोठ्या सोहारीच्या पानावर जेवण. नवऱ्या मुलापुढे खिचडी ठेवतात, आणि अहेर मिळेपर्यंत तो खात नाही. म्हटलं, आमच्याकडेही जावई रुसायचे पूर्वी, सोन्याची अंगठी मिळेपर्यंत. दोघींनी टाळ्या दिल्या.

निघायच्या आदल्या रात्री ताईला फोन लावला. सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. घर चांगलं, माणसं कष्टाळू. मुलगा बोलतो कमी, पण जेवल्यावर ताट स्वतः उचलतो. सासरा शनिवारी पितो. पुराची भीती आहे. पैसा येतो तसा जातो, शेतीच ती. मुलीला नोकरी करायची झाली तर सान फर्नांडोपर्यंत जाता येईल. गोमांस घरात येत नाही, कोंबडी-बोकड चालतं, पूजेच्या दिवसांत तेही बंद. आणि कुळ विचारशील तर, बस्ती जिल्ह्यातली एक वीस वर्षांची बाई, तिच्यापासून सुरू होतं. मग त्या बाईचं सगळं सांगितलं. आत्याआजीचंही नाव काढलं.

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग ताईचा आवाज आला, 'त्या अळूवडीत चिंच घालतात का गं?'

म्हटलं, 'आत नाही. वरून चटणीत.'

'मग घसा खाजत नाही?'

'शिरा नीट काढतात.'

'हं,' ताई म्हणाली. 'त्यांना सांग, मी उद्या फोन करते. त्यांच्या दुपारी की सकाळी?'

अजून तिनं होकार दिलेला नाही, हे खरं सांगते. पण दोघी विहिणींचं आता दर रविवारी बोलणं चालू आहे. परवा म्हणे तासभर नुसती लोणच्यावर चर्चा झाली. तिकडे कैरी किसून मसाला घालून करतात, त्याला कुचेला म्हणतात. ताईचं किसाचं लोणचं कोल्हापुरात प्रसिद्ध. तेव्हा माघार कुणीच घेत नाहीये.

आता इचलकरंजीच्या भगिनीसाठी थोडक्यात. जमेल तर स्वतः जा, नाही तर घरातलं कुणीतरी मोठं बाईमाणूस पाठवा, आणि निदान तीन दिवस राहू द्या. पहिल्या दिवशी सगळी घरं चांगली दिसतात. दिवाणखान्यात बसू नका, स्वयंपाकघरात शिरा, हाताला काम घ्या. पिणं, कर्ज, आजारपण, मुलीची नोकरी आणि तिच्या नावावरचा पैसा, हे पाच प्रश्न लाज न धरता विचारा. घरावर वाईट दिवस आले तेव्हा ते कुणी नि कसे निभावले, हे जरूर विचारा. माणसाची खरी पारख तिथेच होते. आणि त्यांनी तुम्हाला विचारलं तर रागावू नका, खरं उत्तर द्या. कागदपत्रं, व्हिसा, लग्नाची नोंदणी यांची चौकशी मात्र वकिलाकडे करा, ती गोडव्यानं सुटणारी नव्हे.

जाता जाता साहिना सांगते, कारण पत्र लिहून विचारणारच तुम्ही! पिवळ्या वाटाण्याची डाळ रात्री भिजत घालायची. सकाळी निथळून लसूण, हिरवी मिरची, हळद, जिरं आणि मीठ घालून अगदी थोड्या पाण्यात जाडसर वाटायची. अळूच्या पानांचे देठ आणि जाड शिरा काढून टाकायच्या. पानांच्या उलट्या बाजूला वाटण लावून एकावर एक तीन-चार पानं, घट्ट गुंडाळी, वाफवून, गार झाल्यावर कापून तळायची. आपलं अळू खाजरं असेल तर वाटणात चमचाभर चिंचेचा कोळ घालायला हरकत नाही, आजी रागावणार नाहीत. बरोबर चटणी कैरीची. कैरीचा कीस, लसूण, मिरची, मीठ आणि बनधनिया. हे बनधनिया म्हणजे लांब, कातरलेल्या कडांचं पान. वास कोथिंबिरीचाच, पण दुप्पट उग्र. आपल्याकडे कोथिंबीर थोडी जास्त घाला.

आमच्याकडे परवा केली होती. आमचे हे म्हणाले, 'आज अळूवडीला बेसन कमी पडलं वाटतं?' मी म्हटलं, 'खा गुपचूप. भाचीच्या सासरची आहे.' आणि मग जीभ चावली. होकार यायचाय अजून!